वाळवीची वाट आधी शोधा, औषध नंतर: घरातलं लाकूड आणि फर्निचर वाचवण्यासाठी

दाराच्या चौकटीलगत मातीची पेन्सिलीएवढी जाड रेघ वर चढलेली दिसली की हात आपोआप झाडूकडे किंवा ओल्या फडक्याकडे जातो. तो आवरा. ती रेघ म्हणजे वाळवीची ये-जा करायची झाकलेली वाट असते. वाळवी कुठून निघते आणि कुठे शिरते हे दाखवणारा तेवढाच पुरावा आपल्या हातात असतो. रेघ पुसली की भिंत स्वच्छ दिसते, वाळवी तात्पुरती माघार घेते आणि काही दिवसांनी दुसऱ्या फटीतून, बहुतेक वेळा कपाटाच्या मागून, पुन्हा वर येते. तेव्हा मात्र ती दिसत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: कोणती वाळवी आहे ते ओळखा, तिची वाट शोधा, ओल थांबवा आणि मग औषध करा. बहुतेक ठिकाणी औषध पहिल्याच दिवशी मारलं जातं आणि बाकीचं राहून जातं. वर्षभरात पुन्हा तेच दुखणं उभं राहतं.

जीव ओळखल्याशिवाय उपाय नाही

उष्ण, दमट हवेत घरातलं लाकूड खाणारे जीव मुख्यतः तीन प्रकारचे असतात. तिघांवर एकच उपाय चालत नाही.

पहिली जमिनीतली वाळवी. हिची वसाहत मातीत असते आणि घरात ती फक्त खायला येते. तिचं अंग मऊ आणि कातडी पातळ असते, त्यामुळे उघड्या कोरड्या हवेत ती लवकर सुकून मरते. म्हणूनच ती माती, लाळ आणि विष्ठा एकत्र करून नळी बांधते आणि त्या दमट बोगद्यातून चालते. तिने खाल्लेलं लाकूड फोडलं तर आत चिखलाचे थर सापडतात. वार्षिक वलयांमधला मऊ भाग खाऊन कठीण भाग ती सोडून देते. त्यामुळे लाकूड पुस्तकाच्या पानांसारखं सुटतं.

दुसरी कोरड्या लाकडातली वाळवी. हिला मातीची गरजच नसते. लागणारा थोडासा ओलावा ती लाकडातूनच मिळवते, त्यामुळे खुर्चीच्या एका पायात किंवा फोटोच्या फ्रेममध्येही अख्खी वसाहत नांदू शकते. मातीच्या नळ्या दिसत नाहीत. दिसते ती खाली पडलेली दाणेदार रास: साधारण मिलिमीटरभर लांबीचे, खसखशीसारखे कडक दाणे. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक दाण्याला सहा बाजू असतात. ही तिची विष्ठा. लाकडाला पाडलेल्या बारीक भोकातून ती बाहेर ढकलते आणि भोक पुन्हा बंद करते.

तिसरा जीव वाळवी नव्हेच. तो लाकडातला भुंगेरा. लाकडावर १ ते २ मिलिमीटरची गोल, टाचणीने टोचल्यासारखी भोकं असतात आणि खाली मैद्यासारखी पूड पडते. ती चिमटीत घेऊन चोळा. मऊ लागली तर भुंगेरा, खरखरीत दाणे लागले तर कोरड्या लाकडातली वाळवी. जमिनीत औषध सोडून या दोघांनाही काही होत नाही. तरीही ते केलं जातं आणि खर्च वाया जातो.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात, तेव्हा ती मुंगी की वाळवी हेही ओळखता आलं पाहिजे. वाळवीचे चारही पंख सारख्याच लांबीचे, कंबर सरळ आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान, कंबर बारीक आणि मिशा कोपरात वाकलेल्या असतात. किडे बाहेरून दिव्यावर आले असतील तर घाबरायचं कारण नाही. पण बंद खोलीत, खिडकीच्या आतल्या पट्टीवर गळलेल्या पंखांचा ढीग सापडला तर वसाहत घरातच किंवा घराखाली आहे असं धरून चाला.

तपासणी: टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि तासभर वेळ

टॉर्च भिंतीवर सरळ मारू नका, भिंतीला चिकटवून आडवी धरा. तिरक्या उजेडात रंगाखालचा फुगवटा, बारीक नळी, लॅमिनेटवरची लाट सगळं सावलीसह उठून दिसतं. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने लाकूड ठोकत जा. भरीव लाकूड टणक आवाज देतं आणि पोखरलेलं सुक्या भोपळ्यासारखं वाजतं. आवाज बदलला त्या जागी टोक हलकेच दाबा. कधी कधी वरचा थर कागदाएवढाच उरलेला असतो आणि टोक सरळ आत जातं. ठोकल्यावर आतून बारीक टकटक ऐकू आली तर ती वसाहतीतल्या सैनिकांची असू शकते. धोका जाणवला की ते लाकडावर डोकं आपटतात.

कुठे बघायचं? चौकटीचे खालचे २० सेंटिमीटर, विशेषतः बाथरूमच्या दाराचे. स्वयंपाकघरात सिंकखालच्या कपाटाची पाठ आणि तळ. जिन्याखालची अडगळ. पाण्याचे, ड्रेनेजचे आणि विजेचे पाइप भिंतीतून किंवा फरशीतून वर येतात त्या जागा. भिंतीत बसवलेल्या कपाटाची मागची बाजू. स्विचबोर्डची लाकडी पेटी असेल तर तीही, पण मुख्य स्विच बंद करूनच. जमिनीवर ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे तळ उचलून बघायला विसरू नका. पुठ्ठा आणि रद्दी वाळवीला लाकडाइतकीच चालते, कारण तिला हवं असलेलं सेल्युलोज त्यात असतंच.

सापडलेल्या प्रत्येक नळीची जागा पेन्सिलीने भिंतीवर किंवा कागदावर मांडा. चार-पाच खुणा झाल्या की त्या बहुधा एका भेगेकडे किंवा एका पाइपाकडे बोट दाखवतात. मिलिमीटरभर रुंदीची फट वाळवीला आत यायला पुरते.

नळी जिवंत आहे का हे असं बघा: मधला २ ते ३ सेंटिमीटरचा तुकडाच काढा, बाकी नळी तशीच ठेवा. दोन-तीन दिवसांत तो भाग ओलसर, गडद मातीने पुन्हा बांधला गेला तर वाट चालू आहे. तसाच राहिला तर वाट सोडलेली असू शकते, पण आठवडाभराने एकदा पुन्हा बघा. कोरड्या लाकडातल्या वाळवीसाठी खाली पडलेले सगळे दाणे झाडून घ्या आणि वस्तूखाली काळा कागद पसरा. दोन-तीन आठवड्यांत नवी रास जमली तर वसाहत जिवंत आहे. वस्तू हलवली, ठोकली तर आत साठलेले जुने दाणेही गळतात, म्हणून त्या काळात तिला धक्का लावू नका.

ओल बंद केल्याशिवाय औषध टिकत नाही

जमिनीतल्या वाळवीला अन्नाइतकीच ओलही लागते. बाथरूमच्या फरशीच्या सांध्यांतून पाणी मुरत असेल, नळाची जोडणी भिंतीत झिरपत असेल, एसीचं पाणी पायाशी पडत असेल, तर तिथली माती कायम दमट राहते आणि वसाहत तिकडेच ओढली जाते. गळतीचा भाग कायम धुपत असतो, त्यामुळे औषधही तिथेच लवकर निकामी होतं. गळकी जोडणी बदला. फरशीचे सांधे खरवडून वॉटरप्रूफ ग्राउटने भरा. पावसाचं पाणी पायापासून दूर जाईल असा उतार घराभोवती द्या. भिंतीलगतच्या कुंड्या आणि रोजचं पाणी लागणारी फुलझाडं किमान अर्धा मीटर लांब सरकवा.

लाकूड आणि माती यांचा थेट संबंध कुठेही ठेवायचा नाही. अंगणात पुरलेला लाकडी खांब, जोत्याला टेकवून रचलेला लाकडांचा ढीग, बांधकामानंतर मातीत राहिलेल्या फळ्या आणि खुंट्या या वाळवीच्या आयत्या पायऱ्या आहेत. भर घालण्याआधी मातीतलं प्रत्येक लाकूड वेचून काढा. सेंट्रिंगच्या फळीचा तुकडा फरशीखाली राहिला तर वसाहत आधी त्यावर पोसते आणि मग वर येते.

चौकट फरशीत गाडण्याची पद्धत आपल्याला महागात पडते. चौकटीचा तळ फरशीच्या खाली कधीच जाऊ नये. खाली दगडाचा किंवा ग्रॅनाइटचा ठोकळा देऊन त्यावर चौकट उभी करा. घराच्या आत कपाटं आणि पलंग भिंतीपासून ५ ते ८ सेंटिमीटर पुढे ठेवा, म्हणजे हवा खेळते आणि मागे टॉर्च मारता येते. फर्निचरच्या पायांना धातूच्या किंवा कडक प्लास्टिकच्या वाट्या बसवा. नळी वाटीवरूनही चढू शकते, पण चढताना ती उघड्यावर येते आणि आपल्याला दिसते.

जमिनीतल्या वाळवीवर औषध

बाजारात मिळणाऱ्या औषधांचे दोन स्वभाव आहेत आणि हा फरक समजून घेणं फार गरजेचं आहे. बायफेन्थ्रिनसारखी औषधं वाळवीला दूर पळवतात. वाळवीला ती जाणवतात, म्हणून औषध जिथे नीट पोहोचलं नाही अशी फट ती शोधते आणि तिथून आत येते. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड तिला जाणवत नाहीत. ती त्या मातीतून बिनदिक्कत चालते आणि औषध अंगावर घेऊन परतते. वाळव्या एकमेकींना तोंडाने भरवतात, चाटतात, त्यातून ते इतरांपर्यंत जातं. या औषधांनी लगेच काही दिसत नाही, दिवस जातात. अधीर होऊन वरून झटपट मारणारा स्प्रे फवारला तर वाळवी ती वाटच सोडते आणि आधीचं काम वाया जातं. नळी पुसू नका म्हणायचं कारण हेच: जमिनीतलं औषध वसाहतीत नेणारी वाट तीच असते.

घराच्या आत पद्धत अशी असते. भिंत आणि फरशी मिळते त्या सांध्याला लागून १२ मिलिमीटरची भोकं ३० सेंटिमीटर अंतरावर पाडायची, फरशी आणि काँक्रीट पार होऊन माती लागेपर्यंत. प्रत्येक भोकात साधारण १ लिटरपर्यंत पातळ केलेलं औषध, माती पीत जाईल तसं हळूहळू सोडायचं आणि मग सिमेंटने भोक बंद करायचं. फरशीखालून जाणारे पाइप आणि वायर कुठून गेल्या आहेत हे माहीत नसेल तर ड्रिल लावूच नका.

बाहेरून, पायालगत १५ ते २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर खणतात. दर मीटर लांबीला, दर ३० सेंटिमीटर खोलीमागे ५ लिटर द्रावण हे प्रचलित माप आहे. काढलेली मातीही द्रावणात भिजवून परत भरायची, नाहीतर चर बुजवल्यावर वर कोरड्या मातीचा पूल तयार होतो. औषध किती पातळ करायचं ते बाटलीवर लिहिलेलंच धरा. दुप्पट घट्ट केल्याने काम दुप्पट होत नाही, धोका मात्र वाढतो. विहीर, बोअर किंवा जमिनीखालची पाण्याची टाकी जवळ असेल, किंवा पाऊस तोंडावर असेल, तर हे काम करू नका. एरवीही ते प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या आणि कोणतं औषध, किती टक्के, किती लिटर वापरलं हे लिहून मागा.

जमिनीत औषध सोडणं शक्य नसेल तिथे आमिषाच्या डब्या लावतात. घराभोवती साधारण ३ मीटर अंतराने डब्या पुरायच्या. आत लाकूड किंवा सेल्युलोज आणि त्यात हेक्साफ्लुम्युरॉनसारखं कात टाकण्यात अडथळा आणणारं औषध असतं. वसाहत संपायला आठवडे नव्हे, महिने लागू शकतात. डब्यांच्या जवळपास दुसरं कोणतंही फवारणीचं औषध मारायचं नाही.

कोरड्या लाकडातल्या वाळवीचा बंदोबस्त

वस्तू लहान असेल आणि डीप फ्रीझरमध्ये मावत असेल तर ती जाड प्लास्टिकमध्ये हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ ते उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका. दमट हवेतला ओलावा पिशवीच्या बाहेर जमू दे, लाकडावर नको. नाजूक जडावकाम किंवा जुनं चित्र असलेल्या वस्तूला हा उपाय लावण्याआधी जाणकाराला विचारा.

उष्णतेनेही वाळवी मरते, पण लाकडाच्या पृष्ठभागाला नव्हे, गाभ्याला ५० अंशांच्या आसपास तापमान किमान अर्धा तास मिळावं लागतं. काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून उन्हात ठेवलेली पातळ फळी एवढी तापू शकते. जाड पायाचा गाभा बऱ्याचदा तापत नाही आणि वाळवी आत सरकून बसते. सुईचा थर्मामीटर लाकडात घालून मोजल्याशिवाय काम झालं असं समजू नका. व्हिनियर, सरसाचे सांधे आणि पॉलिश अशा उन्हात सुटतं, तडकतं.

मोठ्या वस्तूला इंजेक्शन द्यावं लागतं. दाणे जिथून पडतात त्या भागात ३ मिलिमीटरचं ड्रिल वापरून, सहज दिसणार नाहीत अशी, नक्षीच्या खाचेत किंवा मागच्या बाजूला, ५ ते ७ सेंटिमीटरवर भोकं पाडा. ड्रिल अचानक सैल पडून आत गेलं की पोकळी सापडली. सिरिंजने तिथे औषध भरत राहा, बाजूच्या भोकातून ते बाहेर येईपर्यंत. आधी जवळची जुनी भोकं टेपने बंद करा. पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि दाबाने औषधाची धार दोन फूट दूरच्या भोकातून थेट डोळ्यात उडू शकते. चष्मा घातल्याशिवाय हे करूच नका. भोकं लगेच पुट्टीने बुजवू नका. महिनाभर काळा कागद ठेवा, रास पडली नाही की मग भरा. अख्ख्या घरातल्या लाकडात पसरली असेल तर धुरी द्यावी लागते, म्हणजे घर बंद करून विषारी वायू सोडावा लागतो. ते पूर्णपणे व्यावसायिकाचं काम आहे. धुरीने आहे तेवढी वाळवी मरते, पण लाकडात संरक्षण काहीच उरत नाही.

नव्या आणि उघड्या लाकडाला बोरेट

घरी करता येण्यासारखं सर्वांत भरवशाचं काम हे आहे. बोरेट क्षार (बोरॅक्ससारखे बोरॉनचे क्षार) लाकडातल्या ओलाव्यातून आत झिरपतात आणि वर्षानुवर्षं राहतात. अट एकच: लाकडाला पाणी लागता कामा नये, कारण ते पाण्यात धुऊन जातात.

१ लिटर गरम पाण्यात ९० ग्रॅम बोरॅक्स आणि ६० ग्रॅम बोरिक ॲसिड घाला आणि पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. एकटं बोरॅक्स किंवा एकटं बोरिक ॲसिड एवढ्या प्रमाणात गार पाण्यात टिकत नाही, तळाशी बसतं. दोन्ही एकत्र विरघळतात आणि लाकडाला पुरेसं बोरॉन मिळतं. स्वयंपाकाचं भांडं वापरायचं नाही. हातमोजे घाला. मुलं, गरोदर स्त्रिया आणि पाळीव प्राणी यांना लांब ठेवा. पोळपाट, पाळणा, खेळणी आणि अन्न ठेवायच्या फळीला हे लावू नका.

लाकूड आधी उघडं हवं. रंग, पॉलिश किंवा लॅमिनेट असेल तर द्रावण वरच राहतं. पहिला हात सढळ मारा, १ लिटर साधारण ५ चौरस मीटरला पुरतो. लाकडाने तो पिऊन घेतला की दुसरा हात मारा. कापलेली टोकं, स्क्रूची भोकं आणि सांध्यांच्या खाचा यांना तीन-चार हात द्या, कारण वाळवी टोकांतूनच आत शिरते. लाकूड दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्या. वर पांढरे कण आले तर ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर गोंद आणि पॉलिश नीट धरत नाही. मग पॉलिश किंवा रंगाने सगळ्या बाजू बंद करा.

फर्निचर बनवताना

सागाचा गाभा वाळवीला फारसा आवडत नाही. पण त्याच सागाच्या बाहेरच्या पांढुरक्या भागाला ते संरक्षण नसतं. फळी घेताना रंग बघा, फिकट पट्टा असेल तर तो कापून टाका किंवा बोरेट लावा. सावरीसारखं हलकं, फिकट लाकूड उपचाराशिवाय वापरूच नये.

प्लायवूडच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरला आहे. उकळत्या पाण्यात टिकणारं प्लाय म्हणजे त्याचा गोंद पाण्यात सुटत नाही, एवढंच. वाळवी गोंद खात नाही, आतलं लाकूड खाते. कीटकनाशक प्रक्रिया झाली आहे का हे वेगळं विचारा. कपाटाच्या दर्शनी बाजूला लॅमिनेट आणि भिंतीकडच्या पाठीला नुसतं प्लाय ठेवलं, तर वाळवी पाठीतून शिरते आणि समोरचं लॅमिनेट चकचकीत राहतं. एक दिवस बिजागरी ओढल्यावर स्क्रूसकट बाहेर येते, तेव्हा कळतं. पाठ, तळ आणि प्रत्येक कापलेली कड बंद करून घ्या.

घरगुती उपायांबद्दल

रॉकेल, डिझेल, वापरलेलं इंजिन ऑइल: वास आहे तोवर वाळवी टाळते, वसाहतीला काही होत नाही आणि घरात आगीचा धोका मात्र येऊन बसतो. कापूर, मीठ, व्हिनेगर यांच्यावर वेळ घालवू नका. कडुनिंबाच्या तेलाने काही काळ वाळवी दूर राहते, पण लागलेली वाळवी त्याने जात नाही.

पोखरलेल्या लाकडाचं काय करायचं

चौकटीचा खालचा भागच गेला असेल तर अख्खी चौकट काढायची गरज नसते. चांगलं, भरीव लाकूड लागेपर्यंत पटाशीने खोदा आणि त्याच्याही वर १५ सेंटिमीटर सोडून कापा. नवा तुकडा बोरेट लावून, तिरक्या सांध्याने जोडा. पण आधी वाळवी मेल्याची खात्री करा, नाहीतर नवा तुकडाही तिलाच खाऊ घातल्यासारखं होतं.

काढलेलं लाकूड अंगणात रचून ठेवू नका आणि जळणासाठी किंवा वापरण्यासाठी कुणाला देऊही नका. कोरड्या लाकडातली वाळवी अशाच दिलेल्या खुर्च्या-फळ्यांतून एका घरातून दुसऱ्या घरात जाते. जाड प्लास्टिकमध्ये बांधून त्याच दिवशी घराबाहेर काढा. ते ज्या जागी होतं तिथली भेग सिमेंटने भरा आणि तिथे भिंतीवर तारीख लिहून ठेवा. पुढची तपासणी तीन महिन्यांनी, आणि पावसाळ्यानंतर आणखी एकदा, त्याच जागेपासून सुरू करा.